पांच सूचनांचें पत्र

शिक्षकाला प्रश्न आवडतात, असा लोकांत एक गोड गैरसमज आहे. अठ्ठावीस वर्षें कॉलेजांत शिकवूनहि मीं तो कधीं खोडून काढला नाहीं, कारण त्यांत आमच्या धंद्याची अब्रू गुंतलेली आहे. खरी गोष्ट अशी कीं, तास संपावयास पांच मिनिटें उरलीं असतां मागच्या बाकावर जो हात वर होतो, त्याच्याकडे न पाहण्याची कला प्रत्येक प्राध्यापक पहिल्या दोन वर्षांतच शिकतो. फळा पुसण्याचा अशा वेळीं मोठा उपयोग होतो.

हा दोष वर्गापुरताच राहता, तर त्याची वाच्यता करण्याचें कारण नव्हतें. पण १८ एप्रिल २०२१ रोजीं, रविवारीं, घरांत बसल्या बसल्या तो माझ्या हातून पुन्हां घडला.

ते दिवस वाचक विसरले नसतील. साथीची दुसरी लाट शहरावर चढून आली होती. बाजार बंद, रस्ते ओस, आणि रात्रीं मधूनच रुग्णवाहिकेचा भोंगा. पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना १ एप्रिलपासून लस मिळूं लागली होती. मीं पहिल्याच आठवड्यांत एका म्युनिसिपल शाळेंत रांग लावून ती टोचून घेतली व मोठी कामगिरी केल्याच्या ऐटींत घरीं आलों. पुढें थोड्याच दिवसांत त्या शाळेच्या फाटकावर 'आज लस शिल्लक नाहीं' अशी पाटी लटकलेली दिसली. हडपसरपलीकडच्या ज्या कारखान्यांत देशांतली बहुतेक लस तयार होत होती, तेथून ती शाळा मोटारीनें अर्ध्या तासाच्या वाटेवर होती. विहिरीच्या काठावर तहानेनें व्याकूळ होण्याचा योग पुणेकरांच्या नशिबीं यावा, याचें मला तेव्हां हसूं आलें. माझी तहान भागली होती ना!

आमच्या कॉलेजांत तासिकेवर अर्थशास्त्र शिकविणारे एक तरुण सहकारी होते. वय एकोणचाळीस, म्हणजे लस मिळण्यास सहा वर्षांनीं अपुरें. तास बंद पडल्यामुळें त्यांची मिळकतहि बंद पडली होती. तरी ज्या मुलांच्या बापांचा रोजगार बुडाला होता, त्यांच्या घरीं धान्याच्या पिशव्या पोंचविण्याचें काम ते स्कूटरवरून करीत असत. त्या रविवारीं संध्याकाळीं त्यांनीं मला फोनवर एक पत्र पाठविलें आणि मागोमाग स्वतः फोन केला. पत्र डॉक्टर मनमोहनसिंगांनीं पंतप्रधानांना लिहिलेलें होतें.

"सर, वाचलेंत का?"

मीं वाचलें नव्हतें, व वाचण्याची इच्छाहि नव्हती. मीं म्हटलें, "अहो, घर जळत असतां पाण्याचा हिशोब कसला मागतां?"

ते क्षणभर थांबले. मग नेहमींच्या मऊ आवाजांत म्हणाले, "पण सर, पाणी किती आहे हें कळल्यावांचून कोणती खोली आधीं विझवावी, हें कसें ठरणार?"

मीं फळा पुसला. म्हणजे, कुकरची शिट्टी झाल्याचें निमित्त करून फोन ठेवला.

तें पत्र मीं वाचलें तें पावणेचार वर्षांनीं. २६ डिसेंबर २०२४ रोजीं डॉक्टर मनमोहनसिंग वारले, तेव्हां त्यांच्यावरील लेखांची गर्दी झाली आणि त्यांत या पत्राचा उल्लेख आढळला. पत्र लिहिलें तेव्हां ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. राज्यसभेंत विरोधी पक्षाच्या बाकांवर बसत होते. कोणे काळीं तेहि प्राध्यापकच. तो वास पत्राला येतो. आवेश नाहीं, आरोप नाहीं, विशेषणें जवळजवळ नाहींत. पांच सूचना आहेत, आणि त्यांतल्या पहिल्या दोन म्हणजे अदबीनें विचारलेले प्रश्नच होत. येत्या सहा महिन्यांसाठीं कोणत्या कारखान्याकडे किती लस मागविली आहे, तें जाहीर करावें. ती प्रांतांत कशी वांटणार, त्याचें सूत्र सांगावें. हवी तर दहा टक्के हातची राखावी. तिसरी सूचना, पंचेचाळिशीच्या आंतले कोण लोक आघाडीवर आहेत हें ठरविण्याची मोकळीक प्रांतांना द्यावी. चौथी कारखान्यांना पैसा व सवलती देण्याची, आणि पांचवी परदेशांत मान्य झालेल्या लसी येथें नव्या चांचण्यांवांचून येऊं देण्याची. शिवाय एक मार्मिक वाक्य असें कीं, एकूण किती लोकांना लस दिली या आंकड्याकडे न पाहतां शेंकडा किती लोकांना दिली तें पाहावें. देश त्या वेळीं बारा कोटींचा आंकडा मोठ्या अभिमानानें सांगत होता. लोकसंख्येशीं ताडून पाहिलें तर तें शंभरांमागें नऊ टोचण्यांच्याहि आंत होतें.

तिसऱ्या सूचनेंत उदाहरणादाखल कांहीं धंदे दिले आहेत: शाळामास्तर, बसचे व रिक्षांचे चालक, म्युनिसिपालिटीचे नि ग्रामपंचायतींचे नोकर. त्या ओळीवर मी बराच वेळ अडून राहिलों.

दुसऱ्याच दिवशीं पत्रलेखक स्वतःच त्या आजारानें रुग्णालयांत दाखल झाले, आणि त्याच दिवशीं आरोग्यमंत्री डॉक्टर हर्षवर्धन यांचें उत्तर प्रसिद्ध झालें. त्याचा मथितार्थ असा कीं, हा उपदेश आपण आपल्या पक्षाच्या पुढाऱ्यांना केला असतां तर बरें झालें असतें. लसीविषयीं संशय त्यांनींच पसरविला. न्यायाची गोष्ट म्हणून सांगितलें पाहिजे कीं, परदेशी लसींना वाट करून देण्याचा निर्णय सरकारनें पत्राआधींच जाहीर केला होता. संशयाविषयींहि मंत्रिमहाशय सर्वस्वी चुकीचे नव्हते. पण येथें निवड करावयास हवी. तिसऱ्या टप्प्याच्या चांचणीचा निकाल हातीं नसतां स्वदेशी लसीला परवानगी कशी दिली, हें शशी थरूर यांनीं जानेवारींत विचारलें, तो प्रश्न होता. निकाल पुढें अनुकूल लागला म्हणून तो गैर ठरत नाहीं. दुसऱ्या एका पक्षाचे पुढारी अखिलेश यादव यांनीं त्याच सुमारास लसीला सत्ताधारी पक्षाची लस म्हणून ती टोचून घेण्याचें नाकारलें, तो टोमणा होता. सरकारें मात्र दोहोंना एकाच काठीनें हांकतात. मला नांवें ठेवण्याचा अधिकार नाहीं. मीहि तेंच केलें.

आमच्या लोकांना हा प्रश्नाचा हक्क कांहीं फुकट मिळालेला नाहीं. १८९२ च्या कायद्यानें कौन्सिलांतील सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची परवानगी मिळाली, तीहि आगाऊ नोटीस देऊन. उत्तर ऐकून उपप्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ती १९०९ सालीं झाली. पुण्यांत प्लेग शिरला तेव्हां मुंबईच्या कौन्सिलांत टिळक होते, ते या बांधलेल्या हातांनीं.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. १९ एप्रिललाच सरकारनें जाहीर केलें कीं, १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस घेतां येईल. मात्र तरुणांसाठीं ती प्रांतांनीं व खासगी रुग्णालयांनीं विकत आणावयाची होती. पुण्याच्या कारखान्याची जी मात्रा केंद्राला दीडशें रुपयांस पडे, तिची प्रांतांसाठीं प्रथम चारशें किंमत ठरली, मग तीनशें; खासगी रुग्णालयांना सहाशें. अर्थसंकल्पांत लसीसाठीं ठेवलेल्या ३५,००० कोटींचें काय केलें, असें सर्वोच्च न्यायालयानें ३१ मे रोजीं विचारलें, आणि तरुणांकडून पैसे घेण्याचें धोरण सकृद्दर्शनीं मनमानी व अतार्किक असल्याचें म्हटलें. ७ जूनला पंतप्रधानांनीं धोरण बदललें; २१ जूनपासून सर्वांना सरकारी लस मोफत झाली. म्हणजे विचारतां येत होतें, आणि विचारल्यावर बदलतांहि येत होतें.

माझ्या सहकाऱ्यांना एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यांत ताप आला. खाट मिळण्यास तीन दिवस लागले. मेच्या दुसऱ्या आठवड्यांत ते गेले. त्या पत्रांतली तिसरी सूचना त्याच दिवशीं मान्य झाली असती तरी लस त्यांच्यापर्यंत वेळेवर पोंचली असती, असें मी म्हणूं शकत नाहीं. शाळेच्या फाटकावर पाटी होतीच. आणि त्या यादींत शाळामास्तर होते, तासिकेवरचे प्राध्यापक नव्हते. ही चूक त्यांनींच मला प्रथम दाखविली असती.

फोनमधला त्यांचा तो निरोप मीं पुसलेला नाहीं. खालीं माझें उत्तर आहे, रात्रीं दहा वाजतां लिहिलेलें: "सवडीनें वाचतों."