सहीच्या आधी वाचता आले पाहिजे

इंग्रजीचा विषय निघाला की आपल्या समाजात दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, "इंग्रजी आली नाही तर पोरगं वाया गेलं." दुसरा म्हणतो, "आपली मराठी काय कमी आहे का? इंग्रजीचे एवढे लाड कशाला?" पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या कामगार वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे दोन्ही आवाज वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. इंग्रजी ही अक्कल मोजायची पट्टी नाही आणि ती मराठीची वैरीणही नाही. आपल्या जगण्याचे निर्णय ज्या कागदांवर होतात, त्या कागदांची ती भाषा आहे. म्हणून ती आलीच पाहिजे.

कोणते कागद? निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, कुरुळी इथे एकेका खोलीत पाच-सहा जण राहणाऱ्या पोरांना विचारा. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेला, आयटीआय किंवा बी.ए. झालेला मुलगा कामाला लागतो तेव्हा त्याच्यापुढे चार-पाच पाने ठेवली जातात. पेन्सिलने फुल्या मारलेल्या असतात, तिथे सह्या करायच्या. तो कामगार आहे की शिकाऊ, मिळणारे पैसे पगार आहेत की स्टायपेंड, मुदत किती, हे सगळे त्या पानांत लिहिलेले असते. हा फरक नुसता शब्दांचा नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात शिकाऊ उमेदवाराला कामगार धरलेले नाही. आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी सोडल्या तर कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. म्हणजे एका इंग्रजी शब्दावर त्याचे हक्क ठरतात आणि तो शब्द न वाचताच तो सही करून मोकळा होतो.

आमच्याकडे आलेल्या एका मुलाचा पीएफचा अर्ज तीन वेळा परत आला होता. मोबाईलवर दर वेळी इंग्रजीत एकच ओळ यायची. ती न कळल्याने त्याने तोच अर्ज पुन्हा पुन्हा भरला आणि शेवटी एजंटला दोन हजार रुपये दिले. त्या ओळीत एवढेच लिहिले होते की नावाचे स्पेलिंग आधारशी जुळत नाही. ठेकेदाराने नोंदणी करताना एक अक्षर जास्त टाकले होते. त्या एका अक्षराची किंमत दोन हजार रुपये आणि चार महिने.

यावर कुणी म्हणेल, "मग कागद मराठीत द्या अशी मागणी करा ना!" जरूर करावी, आम्हीही करतो. १९४८ च्या कारखाने कायद्यातच, कलम १०८ मध्ये, कारखान्यातल्या कायदेशीर सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात अशी तरतूद करण्यात आली होती. पण अशी तरतूद आहे हे ज्याला वाचता आले तोच ती मागू शकला. आणि वाद पुढे गेला तर? राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार, संसद वेगळा कायदा करीत नाही तोवर, सर्वोच्च न्यायालयाची आणि उच्च न्यायालयांची कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. आपल्याच खटल्यात आपण मागच्या बाकावर बसून वकिलाच्या तोंडाकडे पाहत राहायचे का?

ही गोष्ट आपल्या महापुरुषांनी फार आधी ओळखली होती. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन दिले ते इंग्रजीत. पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो मराठीत. बाबासाहेबांनी जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली ती इंग्रजीत. बरोबर एका वर्षाने, ३१ जानेवारी १९२० ला, 'मूकनायक' काढला तो मराठीत. माणूस तोच, प्रश्नही तोच. ऐकणारा बदलला तशी भाषा बदलली. आपल्या माणसांना जागे करायला मराठी आणि सत्तेला जाब विचारायला इंग्रजी. बाबासाहेबांनी एका भाषेसाठी दुसरी सोडली नाही, आणि आपणही 'मराठी की इंग्रजी' या भांडणात पडायचे कारण नाही.

मग आपले अडते कुठे? जून २००० पासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आपल्या पिंपरी-चिंचवडचेच. चिंचवडच्या प्रेक्षागृहाला त्यांचे नाव आहे. तेव्हा त्या निर्णयावर पुष्कळ टीका झाली. मराठी बुडेल असे म्हटले गेले. आम्ही त्या पहिल्या तुकड्यांतले. मराठी बुडाली नाही, हा लेख मराठीतच आहे. पण दहा वर्षे इंग्रजी विषय असूनही दहावीनंतर आमच्या वस्तीतल्या कितीतरी मुलांना साधा अर्ज लिहिता येत नव्हता. कारण गाईडमधली उत्तरे पाठ करायची आणि पेपरात उतरवायची, एवढेच शिकवले गेले. निर्णय योग्य होता, तो वस्तीपर्यंत नीट पोचवला गेला नाही.

पुढे समाजशास्त्रात एम.ए. करताना त्याची किंमत मोजली. जातीवरचे, झोपडपट्टीवरचे, कंत्राटी कामगारांवरचे बहुतेक संशोधन इंग्रजीत. आपल्याच आयाबायांवर लिहिलेले निबंध, आणि ते आपल्यालाच वाचता येईनात! शब्दकोश शेजारी ठेवून दिवसाला दोन पाने वाचत वर्ष काढले. वाचता येऊ लागले तेव्हा कळले की आपल्याबद्दल बरेच काही अर्धवट लिहिले जाते आणि ते खोडून काढायला आपल्यातले कुणी तिथे नसते.

याचा अर्थ कर्ज काढून मुलाला गल्लीतल्या कुठल्याही इंग्लिश मीडियममध्ये घालावे असा नाही. माध्यम वेगळे आणि भाषा वेगळी. जिथे शिकवणाऱ्यालाच भाषा धड येत नाही, तिथे मूल कविता पाठ म्हणून दाखवते, पण त्याला गणितही कळत नाही आणि मराठीही लिहिता येत नाही. घरची भाषा पक्की करून तिच्या आधाराने इंग्रजी शिकता येते.

"आता मोबाईलच भाषांतर करतो," असेही तरुण सांगतात. करतो, वापरावे. पण पुष्कळ कारखान्यांत मोबाईल गेटवरच जमा होतो. मुलाखतीत तो उपयोगाचा नाही. आणि भाषांतर बरोबर की चूक हे ओळखायला भाषा यावीच लागते. करारात 'शॅल' असेल तर सहसा बंधन असते, 'मे' असेल तर समोरच्याची मर्जी. एवढ्या फरकावर नोकरी जाते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आपल्याच मुलामुलींसाठी आहे. पैसे सरकार देते, पण परदेशी विद्यापीठाचा अर्ज आणि इंग्रजीची परीक्षा आपल्यालाच द्यावी लागते.

म्हणून हे काम चळवळीने हातात घेतले पाहिजे. देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या परिसरात आपली विहारे केवळ जयंती आणि महापरिनिर्वाण दिनापुरती गजबजावीत हे बरे नाही. आम्ही काही जण रविवारी वंदनेनंतर एक तास बसतो. शिफ्ट बदलते म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. पुस्तक नाही, फी नाही. पगाराची स्लिप, नेमणुकीचे पत्र, बँकेची नोटीस, जे कुणाकडे असेल ते वाचायचे. मग घटनेचे एक कलम इंग्रजी आणि मराठी शेजारी ठेवून. शेवटी प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या. हाउसकीपिंगचे काम करणाऱ्या एका ताईंनी मागे पगाराच्या स्लिपसाठी स्वतः ईमेल लिहिला. चार ओळींत तीन चुका होत्या. आठ दिवसांत स्लिप मिळाली. तोंडी मागितली होती तेव्हा सहा महिने मिळाली नव्हती.

चुका होतील, लोक हसतील. हसणाऱ्यांना हसू द्या. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून तोडले, त्याने तीन चुकांची लाज का बाळगावी?

मित्रांनो, आपल्या वस्तीच्या विहारात असा एक तास सुरू करा. ज्याला येते त्याने शिकवावे, ज्याला येत नाही त्याने घरातला एक न वाचलेला इंग्रजी कागद घेऊन यावे. सुरुवातीला एवढे पुरे आहे.

जय भीम!