पिशवीपलीकडचे

मराठी बायका गर्भाशयाला पिशवी म्हणतात. ‘पिशवी काढली’ एवढ्यावर शस्त्रक्रियेचे सारे वर्तमान संपते. तमिळमध्येही तो अवयव ‘गर्भप्पै’ आहे, आणि ‘पै’ म्हणजे पिशवीच. भोसल्यांच्या तंजावर राज्यापासून कुंभकोणमच्या मराठी घरांत या दोन्ही भाषा नांदत आल्या (दिवाण टी. माधवराव जन्मले ते हेच गाव). तिथल्या स्त्रीला गर्भाशयासाठी अशी दोन नावे मिळतात. त्याच्या खालच्या वाटेसाठी मात्र घरात उच्चारता येईल असे एकही नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार होतात तेव्हा झळ याच वाटेला लागते. योनीचे अस्तर पातळ व कोरडे पडते, भिंती आकसतात, कधी एकमेकींना चिकटतात. बीजांडकोशांचे काम थांबते आणि पस्तिशीतली स्त्री अकाली ऋतुनिवृत्त होते. उपाय साधे आहेत: ओलावा देणारे मलम, आणि उपचारांनंतर काही आठवड्यांनी सुरू करून महिनोन्महिने वापरायची एक गुळगुळीत नळी. पुढील तपासण्या सुकर व्हाव्यात म्हणूनही ती लागते, म्हणजे विधवेलाही.

1954 मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये, अड्यार येथे, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी कर्करोग संस्था उभी केली. बहिणीचा या रोगाने झालेला मृत्यू त्यामागे होता. त्या काळी प्रश्न जगण्याचाच होता. आता पुष्कळ जणी जगतात. तपासणीच्या खोलीत ‘अम्मा, रक्त जाते का? पोट दुखते का?’ एवढे विचारले जाते आणि कागद पुढे सरकतो. विचारणारा दुष्ट नसतो. बाहेर रांग असते, आणि शब्द त्याच्यापाशीही नसतो.

हा संकोच या भूमीचा सनातन स्वभाव म्हणावा, तर तसेही नाही. अठराव्या शतकात प्रतापसिंह भोसल्यांच्या तंजावर दरबारी मुद्दुपळनीने तेलुगूत ‘राधिकासांत्वनमु’ रचले. स्त्रीची इच्छा तेथे स्त्रीनेच लिहिली आहे. 1910 मध्ये बेंगळूर नागरत्नम्मांनी ते पुन्हा छापले, तेव्हा इंग्रज सरकारने अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली.

घरात मग समजुतींचे राज्य. उपचार संपल्यावरही किरण अंगात उरतात, कर्करोग पतीला लागतो, दोन्ही खोटे. तिला दुखेल या भयाने तो आपली चटई तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, नेतो. ती त्याला टाकणे समजते. सासू म्हणते, ‘आता त्याचं काय, मुलं झाली की.’ नळी कपाटात साड्यांखाली, दिली त्याच कागदात गुंडाळलेली राहते.