खाडीचा सातबारा

आमच्या मंडणगड तालुक्याला नकाशात कुणी बेट म्हणत नाही. पण एक पावसाळा इथे राहून पाहा. उत्तरेला सावित्रीची खाडी, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला केळशीच्या खाडीत जाऊन मिळणारी भारजा नदी आणि उरलेल्या बाजूला डोंगर. बेटावरच्या माणसांचे सगळे गुण-अवगुण आमच्यात उतरलेले आहेत. आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसे वेळ सांगताना घड्याळाबरोबर भरती-ओहोटी सांगतात. मुलीचे स्थळ बघताना आधी विचारतात, "गाव खाडीच्या अलीकडे की पलीकडे?"

खाडीच्या पलीकडे रायगड जिल्हा. बागमांडला, हरिहरेश्वर, श्रीवर्धन, म्हसळा. अलीकडे आमचे वेसवी, बाणकोट, वेळास आणि आत म्हाप्रळ. सरकारने मध्ये जिल्ह्याची हद्द आखली, पण आमच्या सोयरिकींनी ती कधी मानली नाही. आमची निम्मी नाती पलीकडे आहेत. इकडची फुफू तिकडे दिलेली, तिकडची भाभी इकडे आणलेली. ईदचा शीरखुर्मा डब्यात भरून पहिल्या बोटीने पलीकडे जातो आणि संध्याकाळच्या बोटीने तोच डबा सांदण भरून परत येतो. डबा रिकामा परत करायचा नसतो, हा दोन्ही तीरांवरचा कायदा आहे.

या खाडीचा इतिहास मोठा आहे. १७५६ मध्ये बाणकोटचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. आपण ज्याला हिम्मतगड म्हणतो, त्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. पुढे रत्नागिरीला मान मिळण्याआधी दक्षिण कोकणचा कारभार काही काळ बाणकोटहून चालला. आमच्या बोलीलाही या बंदराचेच नाव मिळाले. ग्रिअर्सन साहेबाने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली, तिच्या मराठीच्या खंडात, १९०५ साली, इथल्या मुसलमानांच्या बोलीची नोंद 'बाणकोटी' म्हणून आहे. ज्या भाषेत आमच्या आयांनी आम्हाला झोपवले, रागावले आणि दुवा दिली, ती भाषा एका बंदराच्या नावाने ओळखली जाते. मग बंदराकडे दुर्लक्ष झाले की आम्हाला ते घरातल्या माणसाकडे झाल्यासारखे का वाटते, हे निराळे सांगायला नको.

आमच्या आजोबांच्या पिढीला मुंबई म्हणजे आगबोट. बोट बाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि पडावातून माणसे, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, ट्रंका सगळे तिच्यापर्यंत न्यायचे. या वाटेने आमची माणसे गोदीत गेली, जहाजांवर खलाशी झाली, काही आफ्रिकेत केपटाऊनपर्यंत पोहोचली आणि तिथे आजही कोकणी आडनावे मिरवत आहेत. पाण्याने दिले तसे घेतलेही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती आमच्या मार्गाची नव्हती, तरी आमच्याकडच्या बायका पुढे कित्येक वर्षे बोटीत चढणाऱ्या माणसाच्या दंडाला ताईत बांधल्याशिवाय त्याला सोडत नसत.

मग रस्ते आले, एस.टी. आली, आगबोट बंद झाली. आणि गंमत अशी की रस्ते आल्यावर खाडी जास्त रुंद झाली. बोटीच्या काळात बाणकोट मुंबईच्या वाटेवर होते. रस्त्याच्या काळात ते वाटेच्या शेवटी गेले. समोर दिसणाऱ्या गावाला जायचे तर म्हाप्रळपर्यंत आत जाऊन आंबेतच्या पुलावरून वळसा. हा पूल म्हणजे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांच्या आग्रहाचे फळ, असे दोन्ही तीरांवर मानले जाते. आंबेत हे त्यांचेच गाव. १९८० मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले तेव्हा आमच्या मोहल्ल्यांत पेढे वाटले गेले. रेवसपासून रेड्डीपर्यंत समुद्राच्या कडेने रस्ता जावा, हे स्वप्नही त्यांच्याच नावाशी जोडलेले आहे. ते २ डिसेंबर २०१४ रोजी गेले. रस्त्याचे स्वप्न अजून खाडीपाशी थांबलेले आहे.

बाणकोट आणि बागमांडला यांच्यामध्ये पुलाचे काम गेल्या दशकात सुरू झाले आणि अर्धवट राहिले. पाण्यात उभे राहिलेले खांब बघत आमची मुले मोठी झाली. त्या खांबांवर बगळे बसतात. मोहल्ल्यातला एक चाचा म्हणतो, "पूल झाला, बाबा. पण तो पाखरांसाठी."

म्हणून आमचा सगळा भार जंगलजेटीवर, म्हणजे फेरीबोटीवर. दाभोळ-धोपावे दरम्यान २००३ साली गाड्या नेणारी बोट सुरू झाली आणि पुढे काही वर्षांत वेसवी-बागमांडला अशीही बोट धावू लागली. यात आम्ही कुणाचे उपकार विसरत नाही. पूर्वी होडीत पाय भिजवून चढणारी आमची नानी आता रिक्षात बसल्या बसल्या खाडी ओलांडते. हरिहरेश्वराचे पर्यटक, आंब्याचे टेम्पो, लग्नाची वऱ्हाडे, कॉलेजची मुले सगळे एकाच फळीवर उभे असतात. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. तेवढ्यात दोन जिल्ह्यांच्या बातम्यांची देवाणघेवाण होते.

प्रश्न बोट असते तेव्हाचा नाही. बोट नसते तेव्हाचा आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि एक मोटार पाण्यात गेली. तीच सावित्री आमच्या दारातून समुद्राला मिळते. पुढचे कित्येक दिवस खाडीकाठची माणसे होड्या घेऊन वाहून गेलेल्यांना शोधत होती. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि आंबेतच्या पुलाचाही नंबर लागला. दुरुस्त्या झाल्या, पुन्हा बिघाड झाला, २०२२ मध्ये पूल वाहतुकीला बंद ठेवावा लागला आणि म्हाप्रळ-आंबेत अशी बोट लावली गेली. मध्ये ३ जून २०२० चे निसर्ग वादळ होऊन गेले. घरांची कौले, सुपारीच्या बागा, विजेचे खांब सगळे आडवे झाले. त्या दिवसांत आम्हाला कळले की पूल, बोट आणि वीज या तिन्ही गोष्टी एकदम गेल्या की माणूस थेट शंभर वर्षे मागे जातो.

पूल बंद होता त्या दिवसांतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या मोहल्ल्यातली एक सून, माहेर श्रीवर्धनकडचे. इशाची नमाज झाली आणि तिच्या वडिलांचा इंतकाल झाल्याचा फोन आला. शेवटची बोट केव्हाच गेली होती. समोरच्या तीरावरचे दिवे आमच्या अंगणातून दिसत होते. शेवटी गाडी काढली आणि महाडमार्गे, माणगाव-म्हसळा करत रात्रभर वळसा घातला. मय्यत फार वेळ ठेवायची नाही, हे तिलाही ठाऊक होते आणि तिकडच्यांनाही. ती पोहोचली तेव्हा माणसे कब्रस्तानातून परत येत होती. तिने कुणाला दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, "दिवे दिसत होते हो."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही.

यानंतर मोहल्ल्यातली चार शहाणी माणसे अर्ज घेऊन फिरली. मागण्या मोठ्या नव्हत्या. तातडीच्या वेळी रात्री एक फेरी मिळावी, धक्क्यावर दिवा असावा, पावसात उभे राहायला छप्पर असावे, बायकांसाठी स्वच्छतागृह असावे. एका कार्यालयात सांगितले, धक्का आमचा, पण रस्ता आमचा नाही. दुसऱ्याने सांगितले, रस्ता आमचा, पण पाणी आमचे नाही. तिसऱ्याने सांगितले, अर्धी खाडी दुसऱ्या जिल्ह्यात आहे. जमिनीला सातबारा असतो, त्यावर कुणाचे तरी नाव असते. खाडीचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही.

ज्याच्याकडे जाऊन भांडावे असा माणूसही काही वर्षे नव्हता. जिल्हा परिषदेची आणि पंचायत समितीची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक बसला. प्रशासक वाईट असतो असे नाही. पण मत मागायला तो दारात येत नाही, त्यामुळे त्याला आपल्या दारातून काय दिसते ते ठाऊक नसते. आमच्या मंडणगड गावाची नगरपंचायत झाली, चांगले झाले. पण खाडीकाठच्या गावांना ग्रामपंचायतच जवळची.

इथे आमच्या समाजाबद्दल एक गोष्ट बोलायला हवी. आमच्याकडे जमात मजबूत आहे. मशिदीची डागडुजी, कब्रस्तानची भिंत, गरीब मुलीचा निकाह, वादळात पडलेली घरे, या कामांत जमातीने कधी हात आखडला नाही. आखातातली मुले एका फोनवर पैसे पाठवतात. पण जमातीच्या वहीत खाडी बसत नाही. बोटीची वेळ वर्गणीतून ठरत नाही, ती ग्रामसभेतून आणि ठरावातून मागावी लागते. तो ठराव एकट्या मोहल्ल्याचा असून चालत नाही. कोळीवाड्याची, कुणबीवाडीची, बौद्धवाडीची गरज तीच आहे. बाळंतीण कुठल्याही वाडीतली असो, तिला शेवटची बोट सारखीच चुकते.

आणि ग्रामसभेला जाणार कोण? निम्मे पुरुष मुंबईत, नाहीतर कुवेत-दुबईत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली होती. म्हणजे गाव सांभाळतात त्या बायका. बोटीने दवाखान्यात जातात त्या बायका, मुलांना शाळा-कॉलेजात पोहोचवतात त्या बायका. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. कित्येक ठिकाणी खुर्चीवर बाईच बसलेली असते. मग समोरच्या सतरंजीवर आमच्या मोहल्ल्याच्या बायका का नसाव्यात? बुरखा घालून बोटीच्या गर्दीत उभे राहता येते, तर ग्रामसभेतही उभे राहता येईल.

आम्ही काही आकाशातला चंद्र मागत नाही. शेजारच्या गोव्यात सरकारी फेरीबोटीतून पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही. नदी ओलांडणे हा तिथे रस्त्याचाच भाग धरला आहे. दूर स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटे आहेत. तिथे बेटाबेटांतल्या बोटी तिथली स्थानिक कौन्सिलच चालवते. त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर बोटीचे भाडे तेवढ्याच अंतराच्या रस्त्याच्या खर्चाशी जोडण्याचे धोरण २००८ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाले आणि २०१५ पर्यंत सगळीकडे लागू झाले. तिथेही रडगाणे आहेच. २०१५ मध्ये मागवलेली एक बोट जानेवारी २०२५ मध्ये पाण्यावर धावू लागली. म्हणजे उशीर साहेबालाही होतो. फरक एवढाच, की तिथे कुणाला जाब विचारायचा ते लोकांना ठाऊक असते.

२०२५ मध्ये मुंबईहून रत्नागिरी आणि विजयदुर्गपर्यंत गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीची घोषणा झाली. ती बोट आमच्या समोरून जाईल. गणपतीला आणि ईदला गावी येणाऱ्यांचे भले होवो. सागरी महामार्गाचा नवा आराखडाही आहे. पूल होईल तेव्हा त्याचेही आम्ही स्वागतच करू. पण पुलाच्या आशेवर बोटीकडे दुर्लक्ष आणि बोटीच्या भरवशावर पुलाकडे दुर्लक्ष, हा खेळ फार वर्षे चालला.

येत्या ग्रामसभेसाठी आम्ही एक कागद तयार केला आहे. त्यावर चारच ओळी आहेत आणि खाली सगळ्या वाड्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे आहेत. पलीकडच्या तीरावरच्या गावांनीही तसाच कागद करावा, असा निरोप धाडला आहे. निरोप नेहमीच्याच वाटेने गेला, सांदणाच्या डब्याबरोबर. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे डबा काही रिकामा परत येणार नाही.