तारखेतले कॉमाराव

धसईत कोणी इंग्रजीत अर्ज लिहायला बसले की कॉमाराव हमखास हजर. दाखल्यासाठी असो नाहीतर बँकेसाठी. मजकूर अजून सुचायचा असतो, पण उजव्या कोपऱ्यातल्या ‘१ डिसेंबर, २०१६’ मध्ये महिना आणि सालाच्या मधोमध त्यांनी बैठक मारलेली असते. माणूस भला, गरजेला धावणारा. बोलावल्याशिवाय यायची तेवढी खोड आहे.

त्यांचे खरे काम अमेरिकी वळणाच्या तारखेत. तिथे महिना आधी येतो: ‘डिसेंबर १, २०१६’. दोन आकडे असे शेजारी आले की एकमेकांच्या हद्दीत शिरतात. कॉमाराव म्हणजे दोघांमधला बांध. तो काढला की १ आणि २०१६ यांचे १२०१६ व्हायला वेळ लागत नाही. आपण मात्र तारीख आधी लिहितो. ‘१ डिसेंबर २०१६’ मध्ये अख्खा महिना आकड्यांच्या मध्ये उभा असतो, तिथे त्यांनी कोणाचे भांडण सोडवायचे? नुसत्या ‘डिसेंबर २०१६’ मध्ये तर भांडायला दुसरा आकडाच नसतो. वाराशी मात्र त्यांचा जुना घरोबा: ‘गुरुवार, १ डिसेंबर २०१६’ असे लिहिताना वारापुढची जागा त्यांचीच.

आणि मानी किती! अमेरिकी वळणाची तारीख वाक्याच्या मध्यात आली, तर सालानंतरही त्यांना जागा लागते. ‘इट बिगॅन ऑन डिसेंबर १, २०१६, इन धसई’ असे लिहावे लागते. लोक पहिला कॉमा आठवणीने देतात आणि दुसरा विसरतात. मग सालापुढचे वाक्य उघडेच राहते. बोलवायचे तर दोन्ही पानांवर वाढावे, हा त्यांचा हट्ट मला रास्त वाटतो.

त्यांना पूर्ण मानात पाहायचे तर संविधानाची इंग्रजी उद्देशिका उघडावी. नोव्हेंबर आणि १९४९ यांच्या मध्ये एक, १९४९ नंतर दुसरा. तिथे सव्वीस तारीख अक्षरांत आहे, महिन्याच्या आधी आहे, म्हणजे आकड्यांची टक्कर नाहीच. तो कायद्याच्या जुन्या इंग्रजीचा रिवाज. आपल्या अर्जांतला कॉमाही त्याच वळणाचा, म्हणून त्याला मी चूक म्हणणार नाही. पण दोन दिवसांच्या रजेच्या अर्जाला हा दरबारी पोशाख जड होतो. ‘१ डिसेंबर २०१६’ एवढेच लिहावे; स्वच्छ दिसते.

हीच तारीख पुन्हा पुन्हा घेतो आहे, कारण ती धसईची आहे. नोटाबंदी होऊन तेवीस दिवस झाले होते. त्या दिवशी राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून धसईचा गाजावाजा झाला आणि दुकानांत कार्डांची यंत्रे आली. यंत्रांच्या राज्यात कॉमारावांना थारा नाही. तारीख सगळी आकड्यांत, मध्ये नुसत्या रेघा. ०१/१२/२०१६ हा आपल्याला डिसेंबरचा पहिला दिवस, तर अमेरिकेत बसलेल्या भाच्याला जानेवारीची बारा तारीख. १९८८ साली आलेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने साल आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम घालून हा घोळ मिटवला: २०१६-१२-०१. संगणकाला तो मानवतो. भाच्याला पत्र लिहिताना मात्र महिना अक्षरांतच लिहावा. तो दिवसाच्या आधी लिहिला तर कॉमारावांना बोलवा, नंतर लिहिला तर राहू द्या.