फळीवरची स्पर्धा

आलापल्ली

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद,

पंचवीस वर्षांनी विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धा कशा असतील, असं तू विचारलंस. ड्रोन, एआय हे सगळं येणारच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. खेळ कोण ठरवणार, एवढंच मला बघायचंय.

२००८ साली एबीयू रोबोकॉन ही विद्यार्थ्यांची रोबो स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतला होता. यजमान देशाने खेळ ठरवायचा ही तिथली रीतच. म्हणून परदेशी पोरंही लोण्यासाठी झटणारे रोबो घेऊन आली. २०१४ मध्ये पुन्हा पुण्यातच, आईबापाच्या भूमिकेतला रोबो लेकराला झोक्यावर बसवत होता. मग एखाद्या वर्षी मैदान आलापल्लीने का आखू नये?

माझा खेळ ऐक. मे महिन्यात इथे तेंदूची फळी, म्हणजे पानं गोळा करण्याचं केंद्र, लागते. भल्या पहाटे पानं तोडून आणायची, घरी बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा, मग फळीवर नेऊन मोजून द्यायचा. रोबोने यातलं मधलं काम करायचं. ढिगातून एकेक पान सुटं करायचं, फाटकं-किडकं बाजूला टाकायचं, ७० झाली की बांधायचं. लोखंडी ठोकळा उचलणं तुमच्या यंत्रांना जमतं. पण ताजं पान दुसऱ्याला चिकटतं, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नसतो, आणि जरा जोर लागला की फाटतं. इथल्या म्हाताऱ्या गप्पा मारत, खाली न बघता हे करतात. परीक्षक त्याच. नेटवर्क मिळणार नाही, आणि वीज गेली तरी काम थांबता कामा नये.

मजुरी पुड्यांच्या हिशोबाने मिळते. त्यामुळे यंत्र गावाचं की ठेकेदाराचं, यालाही गुण ठेवावेत. तुमचे प्राध्यापक हसतील, हसू देत.

पोरांना शाळेतच यंत्रं बनवायला मिळावीत म्हणून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. सरकारी शाळांत पाच वर्षांत अशा आणखी ५० हजार लॅब उभारायच्या, असं २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालंय. आपल्या अहेरी तालुक्याच्या वाट्यालाही काही याव्यात. पण तिथेही पोरं खोक्यातले सुटे भाग जोडून काळ्या पट्टीवरून धावणारी तीच ती गाडी बनवणार असतील, तर ती हौस पुण्यालाच राहू दे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत येणार असशील तर फळी सुरू असतानाच ये, नंतर पानं मिळत नाहीत. मोटारी आणि बॅटऱ्या तू आण, तुझ्या रोबो टीममधल्या दोघा-तिघांनाही घेऊन ये. राहण्या-जेवण्याचं मामी बघेल.

तुझा
मामा