मूठ सैल

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना आज येरवड्याच्या गोल्फ मैदानावरचा सरावच डोक्यात होता. पुण्याचा गोल्फपटू उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला, तेव्हापासूनचं हे वेड. मुरलेल्या व्यावसायिकांच्या हातातला क्लब वर जायला खाली येण्याच्या साधारण तिप्पट वेळ घेतो. खाली येताना आधी कंबर वळते, मग खांदे, हात शेवटी. डोक्याला कळतं, हातांना पटत नाही.

सातव्या लेण्यात, गिरिजात्मजासमोरच्या एवढ्या मोठ्या सभामंडपात आत एकही खांब नाही. हा कातळ पोखरणाऱ्यांनी सगळा जोर मनगटात आणला असता, तर दिवसभर टिकलेच नसते. हातोड्याचं वजनच काम करतं. क्लबचंही तसंच असावं, असं मला मनापासून वाटतं. उद्या मूठ सैल ठेवून फक्त अर्धा स्विंग. चेंडू किती लांब गेला, ते बघायचंच नाही.