अण्णांची ट्रंक



संक्रांतीच्या गूळपोळीचं प्रमाण लिहीन असं मागच्या वेळी म्हटलं होतं. ते पुढच्या आठवड्यात नक्की. आज एक कबुली द्यायची आहे. बरेच दिवस मनात घोळते आहे.

आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, एक काळी लोखंडी ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा फौजेतला नंबर, हुद्दा आणि नाव. दिवाणाखाली ती कायम असते. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, आत गणवेश असेल, पदकं असतील. पदकं आहेत, पण ती सासूबाईंच्या कपाटात, चांदीच्या अष्टमंगलाशेजारी. ट्रंकेत होती पुस्तकं. तीही कसली, तर परग्रहावरच्या माणसांची, जादूगारांची, अवकाशयानांची. मुखपृष्ठं फाटलेली, काहींना तर मुखपृष्ठच नाही.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत साफसफाई करताना रजया ठेवायला जागा हवी होती. वाळवी लागलीय असं मला वाटलं (लागली नव्हती, जुन्या कागदाचा भुगा होता), आणि पेपरच्या रद्दीबरोबर मी ती पुस्तकं देऊन टाकली. ठेवली फक्त तीन, तीही जाडजूड होती आणि चांगली दिसत होती म्हणून. अण्णा तेव्हा बस्तीत गेले होते. संध्याकाळी कळलं तेव्हा म्हणाले, "असू दे. पाठ आहेत." एवढंच. मला सुटल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर मनात असंही आलं, की बरं झालं, पंच्याहत्तरी जवळ आलेल्या माणसाने राक्षसांच्या गोष्टी वाचाव्यात हे काय!

आता अण्णांबद्दल थोडं सांगते. गाव पंचगंगेकाठचं, घरची ऊसशेती. चार भावांत धाकटे. 1970 साली भरती झाले ते सिग्नल्समध्ये, प्रशिक्षण जबलपूरला. आपल्या समाजातून फौजेत जाणारे तेव्हा फार नव्हते, आणि आजेसासूबाईंनी म्हणे दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. जैनाच्या पोराने बंदूक धरायची? अण्णांनी समजूत काढली, "आई, मी तारेवर बोलायचं काम करणार आहे." चोवीस वर्षं तेच काम केलं. सुभेदार म्हणून पेन्शनवर आले. बँकेत दारावर बंदूकधारी रखवालदाराची नोकरी मिळत होती, ती घेतली नाही. साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसले.

वाचनाचं वेड मात्र फौजेच्या आधीपासूनचं. गावच्या वाचनालयात नाथमाधवांचं 'वीरधवल' आणि भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, ही सुरुवात. पुढे सेटवर काम करायचं तर इंग्रजी हवं, म्हणून इंग्रजी शिकले, आणि ते पक्कं करायला जे हाताला लागेल ते वाचू लागले. लेहला असताना केरळचा एक जोडीदार होता, त्याच्याकडे आसिमोव्हचं 'फाउंडेशन' होतं. थंडी इतकी की पान उलटायला हातमोजा काढायचा आणि लगेच घालायचा. रजेवर येताना स्टेशनवरच्या व्हीलरच्या गाड्यावरून एक पुस्तक घ्यायचं, गाव येईपर्यंत संपवायचं, हा नेम. सासूबाई अजून सांगतात, "लग्नानंतर पहिल्यांदा रजेवर आले, मी दारात ओवाळायला उभी, आणि यांचं एक बोट पुस्तकात खूण म्हणून तसंच!"

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, हे काही तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे संध्याकाळ लांबलचक. सासूबाईंचा स्वाध्याय चालतो आणि अण्णांचं वाचन. तिच्या मांडीवर पद्मपुराण, यांच्या मांडीवर अवकाशयान. ती म्हणणार, "थोतांड वाचत बसतात." ते म्हणणार, "तुझे विद्याधर विमानातून फिरतात ते चालतं होय?" रोजचंच.

मे महिन्यात, 2025 च्या, एका सकाळी डॉ. जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. अण्णांना त्यांचा फार अभिमान. एक तर जन्म कोल्हापुरातला, आणि जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ मराठीत गोष्टी लिहितो याचं कौतुक. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळवलं. हा किस्सा अण्णांनी नातवंडांना इतक्यांदा सांगितलाय की पोरं आता तोंडपाठ म्हणतात. तर त्या सकाळी बातमी ऐकून अण्णा उठले, वाकून ट्रंक ओढली, झाकण उघडलं आणि रजया बाजूला करू लागले. मग थांबले. पुन्हा घडी नीट केली आणि झाकण लावलं. 'यक्षांची देणगी' शोधत होते. सवयीने.

मी स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहिलं. मैत्रिणींनो, त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

दुपारी रद्दीवाल्याकडे गेले. सहा महिन्यांनी काय मिळणार! मग दुकानातून 'यक्षांची देणगी' आणि 'प्रेषित' आणले. त्यांनी पुस्तक उघडून आधी वास घेतला आणि हसले. पण मला ते पुरेसं वाटेना. क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना हात जोडतो, फोन फिरवतो, निरोप पाठवतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी ज्याची क्षमा मागायची ते नाव घेऊन मागितली. "अण्णा, तुमची पुस्तकं मी न विचारता टाकली. मला ती पोरखेळ वाटली."

ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पोरखेळ आहेच की. बस, एक गोष्ट सांगतो."

मी शेंगा सोलायला घेतल्या आणि त्यांनी टॉल्किनची गोष्ट सुरू केली. बुटक्या, खाऊनपिऊन सुखी अशा हॉबिट लोकांतला फ्रोडो, त्याच्या गळ्यात आलेली एक घातकी अंगठी, आणि ती जिथे घडली त्याच ज्वालामुखीत नेऊन टाकायचं काम. बघा हं, सगळ्या गोष्टींत नायक काहीतरी मिळवायला निघतो, इथे टाकायला निघतो. परिग्रह सोडायला! हे मी म्हटलं तर अण्णा खूश झाले. रोज थोडी थोडी गोष्ट, असे तीन आठवडे गेले. सासूबाईसुद्धा जपमाळ हातात धरून ऐकायच्या, ऐकत नसल्यासारखं दाखवून.

मधेच एकदा अण्णांनी सांगितलं, की टॉल्किनसुद्धा सिग्नलवाला. 1916 साली फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत लँकेशायर फ्युझिलियर्सच्या एका पलटणीचा सिग्नल अधिकारी होता. शाळेतले जिवलग मित्र त्या लढाईत गमावले, स्वतः खंदकतापाने आजारी पडून घरी पाठवला गेला. "आमच्यातलाच," अण्णा म्हणाले. हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला, की जणू एकाच गावचे निघाले.

मला वाटलं, अंगठी जळाली की गोष्ट संपली. पण तशी ती संपत नाही. फ्रोडो घरी येतो, तर गाव गुंडांनी बळकावलेलं. तिथे पुन्हा मारामारी होते, आणि हा फ्रोडो तलवार उपसत नाही. शरण आलेल्यांना मारू नका म्हणून आडवा येतो. पुढे त्याच्या जोडीदारांची वाहवा होते, याला गावात फारसं कुणी विचारत नाही. आणि एक जखम बरी होत नाही. 6 ऑक्टोबरला झालेली, दरवर्षी त्याच तारखेला दुखते. शेवटी तो जहाजात बसून दूर निघून जातो, कारण ज्या घरासाठी हे सगळं केलं तिथे त्याला राहता येत नाही.

सासूबाईंची माळ थांबली. त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "डिसेंबरात यांचं असंच असतं."

मला पंधरा वर्षांत हे माहीत नव्हतं. डिसेंबरात अण्णा रात्री ओसरीवर बसतात हे पाहिलं होतं, थंडी सोसते म्हणून बसतात असं वाटायचं.

अण्णा म्हणाले, सांगून टाकतो. 1971 चा डिसेंबर, शकरगडची बाजू. ते एकवीस वर्षांचे, ब्रिगेडच्या मुख्यालयात सेटवर. वरून आलेला एक निरोप पुढच्या तुकडीला द्यायचा होता, की उजाडेपर्यंत जागा सोडू नका. समोरच्याला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून दोनदा सांगितला. उजाडल्यावर त्या सेटवरून उत्तर आलं नाही. "चोवीस वर्षांत मी कुणावर गोळी झाडली नाही, पोरी. पण त्या पोरांनी शेवटचा ऐकला तो माझा आवाज."

मी शेंगा तशाच धरून बसले.

ते पुढे बोलत राहिले, अगदी साध्या आवाजात. युद्धावरचे सिनेमे बघवत नाहीत, सेनापतींची आत्मचरित्रं वाचवत नाहीत, त्यात नकाशे असतात आणि नकाशावर ओळखीची गावं असतात. या पुस्तकांतल्या लढाया वाचता येतात, कारण ती गावं कुठेच नाहीत. राहिलेल्या तीन पुस्तकांत एक होतं, 'द फॉरएव्हर वॉर', 1974 चं. लेखक जो हाल्डमन व्हिएतनाममध्ये लढून जखमी झालेला. त्यात सैनिक दूरच्या ताऱ्यांवर लढायला जातात. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाताना काळ संथ होतो, म्हणून त्यांची दोनचार वर्षं जातात तेवढ्यात पृथ्वीवर कितीतरी वर्षं उलटतात, शेवटी शेवटी तर हजारावर. परत येतात तर भाषा बदललेली, माणसं अनोळखी. "मी अकरा महिन्यांनी रजेवर यायचो," अण्णा म्हणाले, "तुझा नवरा मला बघून हिच्या पदराआड लपायचा. ते विज्ञान खरं की खोटं ते नारळीकरांना ठाऊक. बाकी सगळं खरंय."

सासूबाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, ती विरोधी हिंसा, देश राखायला केलेली, श्रावकाला तिचा निषेध नाही, महाराजांनी तुम्हाला तीनदा सांगितलंय. अण्णा म्हणाले, "सांगितलंय. पटलंयही. दिवसा पटतं."

मग त्यांनी तिच्याच ग्रंथावर बोट ठेवलं. आपल्या पद्मपुराणात रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो. रामाला मोक्ष मिळतो आणि लक्ष्मण नरकात जातो. लहानपणापासून आपण हे ऐकतो, आणि "तसं असतंच" म्हणून पुढे जातो, नाही का? अण्णा म्हणाले, "मी फौजेत गेल्यापासून तिथेच अडकलोय. भावाचं काम भावाने केलं. मग हुकूम देणारा कुठे जातो, आणि नुसता निरोप पोचवणारा कुठे?"

मला काही सुचेना. सासूबाईंनी मात्र पानं मागे-पुढे केली आणि म्हणाल्या, "तुम्ही पुढचं वाचतच नाही. सीतेचा जीव स्वर्गातून खाली उतरतो, लक्ष्मणाला बोध करायला नरकापर्यंत जातो. ते पण लिहिलंय." अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. लग्नाला पन्नासच्या आसपास वर्षं झालीत, पण हे बोलणं त्या दोघांत आधी झालं नसावं. मी शेंगांचं ताट उचलून आत गेले.

ऑक्टोबरात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आम्ही यादी घेऊन फिरलो. अण्णांनी यादी आठवणीने केली, खरंच पाठ होती. एकोणीसपैकी आठ मिळाली. रजया आता माळ्यावर आहेत.

आणि परवाच्या डिसेंबरात, एका रात्री दोनच्या सुमाराला ओसरीतला दिवा दिसला. शाल घेऊन बाहेर गेले. अण्णा नुसतेच बसले होते. चष्मा आत राहिला म्हणाले. मी म्हटलं, मी वाचते. माझं इंग्रजी कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे, फॉर्म भरण्यापुरतं. तरी टॉल्किनचं पहिलं पुस्तक पहिल्या पानापासून धरलं. म्हाताऱ्या जादूगाराचं नाव आलं आणि मी अडखळले. "गंडलफ," मी म्हटलं.

"गॅन्डाल्फ," अण्णा डोळे मिटूनच म्हणाले. "हं, पुढं."